मागची खोली रिकामी पाहिजे

रिटायर कधी व्हायचं, हे मला सगळ्यांनी सांगितलं. हाफिसातला क्लार्क म्हनला, महिन्याची अखेर धरा. लेक म्हनली, अवसेच्या आधी सुट. विहीनबाई म्हनल्या, पोरीला नववा लागायच्या आत काय ते करा. मी सगळ्यांना हो म्हनले. माझ्या मनात एकच व्हतं. ज्या दिवशी सुटीन, त्या दिवशी मागची खोली रिकामी पाहिजे.

मागची खोली म्हंजे आमच्या दवाखान्याची मढी ठेवायची खोली. सरकारी दवाखाना, बारका. पुढं ओपीडी, वर बायकांचा वार्ड, नि पाठीमागं, जनरेटरच्या पलीकडं, पांढऱ्या लाद्यांची ती खोली. भिंतीला लागून लोखंडाचं गार कपाट. खन ओढला की मानूस बाहेर येतं. दारावर पाटी हाय, पन पाटीवरचं नाव आमच्यात कोनी घेत नाय. "मागं कोन हाय का?" "एक हाय." एवढंच.

मी दिवाळे गावची. नवरा होडीवर जायचा. लेक रांगत व्हती तेव्हा कावीळ झाली नि गेला. मंग मी तुर्भ्याला खदानीत खडी उचलायला लागले. तिथं एकदा पाटी डोक्यावर घेताना उजवा खांदा निखळला. वैदूनं बसवला, पन तो हात पुन्यांदा डोक्याच्या वर गेला नाय. अजून नाय जात. लेक मोठी झाल्यावर माझी वेनी ती घालायची. तिचं लगीन झालं, ती उलव्याला फ्लॅटात गेली, तेव्हापासून मी डाव्या हातानं केस गोळा करते नि रबर अडकवते. म्हातारीला कोन बघतंय.

खदान बंद पडली तेव्हा दवाखान्यात आया म्हनून लागले. आधी रोजावर, मंग कायम. मागची खोली माझ्याकडं आली कारन दुसरी कोनी घेईना. मला भ्या नाय वाटलं. खदानीत जिती मानसं दगडाखाली जाताना बघितल्याली. मेलेलं मानूस काय करतंय?

काम मला थोरल्या मावशीनं शिकवलं. दवाखान्यात आयाला मावशीच म्हनतात, ती थोरली, मी धाकली. ती पन आमच्या गावची, तोंडानं फाटकी. पहिल्याच दिवशी मला म्हनली, "ज्याला नातेवाईक हायत त्याच्याशी बोलू नको. ते त्याचं त्याचं जातंय. बेवारस आला तर बोलायचं. सकाळी दार उघडलं की 'आले गं' म्हनायचं, जाताना 'जाते, उद्या येते' म्हनायचं."

"कशाला?" मी इचारलं.

"त्याला हाक मारनारं कोन हाय का? नुसतं पडून राह्यलं तर ते हुडकत फिरंल. तू हाक मारलीस तर एका जागी थांबंल."

"मंग मी सुट्टीवर गेले तर?"

"तर दुसरीला दाखवायचं नि जायचं. 'उद्या ही येईल हां' असं त्याच्यासमोर बोलायचं. रिटायर होशील तेव्हा तर इसरूच नको. एक तर खोली रिकामी बघून सुटायचं, नाय तर कुनाच्या तरी हाती देऊन सुटायचं. नाय तर ते तुझ्याच घराला येनार. त्याला दुसरं घर कुठं ठावं हाय?"

आनि तीच इसरली. तिच्या निरोपाच्या दिवशी मोठे साहेब आले, त्यांना पुढं जायची घाई. वार्डातून तिला तशीच खाली बोलावली, शाल घातली, नारळ दिला, फोटो काढला नि साहेबाच्या गाडीत बसवून घरी सोडली. केवढा मान! गाडीत बसून ती हसत व्हती, मी बघितली. तेव्हा मागं एक म्हातारा बाप्या व्हता, बेवारस.

पंधरवड्यानं मी तिला भेटायला गेले. दुपारची वेळ. ती जेवायला बसत व्हती. दोन ताटं वाढलेली. मला वाटलं, माझी चाहूल लागली म्हनून वाढलं. मी बसायला गेले तर म्हनली, "तिथं नको. इकडं बस." आनि बाजूला बघून बोलली, "सरका जरा, मानूस आलंय घरात."

मी इचारलं, "कोनाशी बोलतेस?"

"ते आलेत ना माझ्यासंगं," ती म्हनली. "तरास काय नाय. पन मासळी खात नायत. मला पन खाऊ देत नायत." आमच्या गावची बाई, मासळीबिगार तिला घास उतरायचा नाय. त्या दिवशी ताटात नुसता वरनभात. दुसऱ्या ताटातला भात मधी दाबल्यासारखा झालेला, कोनी बोट घातल्यावानी. मी च्या न पिताच उठले. पुढच्या होळीला ती गेली.

आता तुमी म्हनाल म्हातारीचं डोकं फिरलं असंल. असंल. मी काय ते ठरवलं नाय. मी फकस्त ध्यानात ठेवलं.

माझी लेक एकुलती. तिचं दोनदा पोट राह्यलं नि दोनदा गेलं. दुसऱ्यांदा गेलं तेव्हा मी उलव्याला तिच्याकडं गेले व्हते. तिच्या पोटावरून हात फिरवत बसले व्हते. विहीनबाई च्या घेऊन आल्या, कप माझ्यापुढं ठेवला नि लेकीकडं बघून म्हनल्या, "जो हात मढ्यावर, तोच हात पोटावर. कसं टिकावं?"

लेक सासूला म्हनली, "आई, काय बोलता तुमी!"

"मी कुठं काय बोलले? सरकारी नोकरी हाय, चांगलीच हाय. च्या घ्या विहीनबाई, गार होतोय."

मी च्या घेतला. कप धुवून ठेवला नि घरी आले. त्यानंतर लेकीला मी हात लावला नाय. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तिनं फोनवर सांगितलं. विहीनबाईंनी फोन घेतला नि म्हनल्या, "बाळंतपन माहेरीच करायची रीत हाय, आमी नाय कशाला म्हनू? पन आधी ती नोकरी सोडा. मंग खुशाल न्या."

बाळ गनपतीच्या सुमाराला व्हायचं व्हतं. माझी नोकरी अजून दोन वरसं शिल्लक व्हती. मी हाफिसात गेले.

क्लार्क चांगला मुलगा, चष्म्यातून बघतो नि हसतो. म्हनला, "मावशी, तीन महिने आधी नोटीस द्यावी लागते. तीस जून अजिबात घेऊ नका हां. एक जुलैला वाढ लागते, एका दिवसासाठी ती कशाला सोडायची? एकतीस जुलै घ्या. महिनाअखेर, हिशोब पण सरळ. डोक्याला टेन्शन नाही." मंग माझी फाईल बघून म्हनला, "जन्मतारीख एक जून! तुमच्या अख्ख्या गावाची एक जून. मास्तर दुसरी तारीख शिकलेच नव्हते का?"

मी म्हनले, "साहेब, एकतीस जुलैला मागची खोली रिकामी असंल का?"

त्यानं फाईल मिटली. "ते माझ्या टेबलावर नाही येत, मावशी."

"मंग माझ्या जागेवर कोन येनार?"

"कोणी नाही. तुमचं पद मृत संवर्गात गेलंय."

"म्हंजे?"

"म्हणजे तुम्ही गेलात की पदही गेलं. पुढे सगळं ठेक्यावर."

मी अर्जावर अंगठा दिला नि शाई पदराला पुसली. मनात आलं, पद मेलं तर हाती कुनाच्या देऊ? पन अजून तीन महिने व्हते. बेवारस काय रोज येतात? मी खोलीला नमस्कार केला नि कामाला लागले.

सगळा जुलै खोलीत जे आलं त्याला न्यायला मानसं आली. रडत आली, भांडत आली, पन आली. मी कुनाशी बोलले नाय. महिना सरत आला नि खोली रिकामी. मी लाद्या फिनेलनं धुतल्या, दार लावलं, नि घरी येऊन लेकीसाठी डिंक आनला, गोधडी उन्हात टाकली. उन्ह कसलं, जरा उघडीप व्हती एवढंच.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले तर पोलीस गाडी उभी.

उलव्याच्या बाजूला खाडीच्या बांधावर एक म्हातारी सापडली व्हती. पान्यात नाय. बांधावर, तिवराच्या झाडाला टेकून बसलेली. हवालदार म्हनला, "मला वाटलं भरती बघत बसलीय. दोन हाका मारल्या, मग कळलं." अंगाला मार नाय, काय नाय. माझ्याच वयाची. हातावर गोंदन, जुन्या बायका काढायच्या तसं. नि केस. केसांना तेल, पाठीवर घट्ट वेनी, एक बट इकडची तिकडं नाय. सकाळीच कोनीतरी बसवून घातल्यासारखी.

मी वेनीकडं बघत राह्यले. जिची वेनी घालनारं कोन हाय, तिला न्यायला कोन कसं नाय? म्हनून खन लावताना तोंडातून गेलं, "येतील गं तुझी मानसं. मी हाय तवर." इतक्या वरसांची सवय. बोलले नि मंग कळलं काय बोलले ते.

कोनी आलं नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी खन ओढला तर तिची वेनी सुटलेली. केस मोकळे, खनाच्या काठावरून खाली लोंबत व्हते. डाक्तर अजून बघायला आले नव्हते, किल्ली माझ्याकडं. मी म्हनले, आनताना ढिली झाली असंल. डाव्या हातानं, दातात एक पेड धरून, कशीबशी वेनी घातली. केसांचा वास अजून येत व्हता, खोबरेल नि कसल्यातरी फुलाचा. गारठ्यात वास राहत नाय. तिचा राह्यला व्हता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी परत केस मोकळे.

"बाई," मी म्हनले, "माझा एकच हात वर जातो. किती वेळा घालू?" आनि घातली.

मी क्लार्ककडं गेले. "साहेब, माझी तारीख थोडी पुढं न्या."

"मावशी! ऑर्डर निघाली. शाल आणायला माणूस गेला वाशीला. रिटायरमेंटला काय लग्नासारखा मुहूर्त असतो?"

"मागं एक हाय अजून."

"असू दे ना. ती कुठे जातेय?" तो म्हनला नि हसला. मंग माझं तोंड बघून हसायचा थांबला.

शेवटच्या दिवशी कार्यक्रम दुपारनंतर व्हता. मी आधी ठेक्यावरच्या बाईला गाठलं. साताऱ्याकडची, तिशीतली, नवरा महाप्याला कंपनीत सिक्युरिटीत. कामाला खमकी. तिला जनरेटरपाशी नेलं नि सगळं सांगितलं. म्हनले, "फकस्त दारात उभी राहा. मी म्हनीन, 'उद्यापासून ही येईल.' तू हो म्हन. बस."

ती खोलीच्या दाराकडं बघत राह्यली. म्हनली, "मावशे, खोटं का बोलू? आमचा ठेका अकरा म्हैन्यांचा. फुडच्या म्हैन्यात मी हितं हाय का न्हाई, ठेकेदाराला बी ठावं न्हाई. मी हो म्हणलं अन् मला काढलं, तर ती कुणाच्या घरी यायची? माझ्या घरी ल्हान पोरं हैत."

बरोबर व्हतं तिचं. मी तिला आग्रह केला नाय.

"तू राग धरू नगंस," ती म्हनली.

"राग कसला? जा, तिकडं खुर्च्या लाव."

मंग मी एकलीच आत गेले. खन ओढला. केस मोकळेच व्हते. शेवटची वेनी घातली. म्हनले, "बाई, मी आजपासून सुटते. उद्या इथं तुला हाक मारनारं कोन नाय. यायचं तर ये. पन दिवाळ्याला ये, माझ्या घरला. उलव्याला नाय. लेकीच्या दारात नाय. तिचं बाळ यायचंय." खन लावला. दार लावलं. किल्ली क्लार्कच्या टेबलावर ठेवली.

शाल झाली, नारळ झाला. कोनीतरी भाषनात म्हनलं की मावशींनी मेलेल्यांचीही सेवा केली. टाळ्या वाजल्या. मी हात जोडले.

रिक्षात बसले तर रिक्षावाला आरशात बघून म्हनला, "मावशी, मधी सरकून बसा की. काठावर कशाला? पडाल."

"राहू दे," मी म्हनले.

त्या सांजेला दोन ताटं वाढली. मी स्वतःहून वाढली, कोनी सांगितलं नाय. सुक्या बोंबलाचं कालवन केलं नि म्हनले, "मी मासळी खाते हां. ते मी सोडायची नाय." जेवले. दुसरं ताट सकाळी कावळ्याला घातलं. ते जसंच्या तसं व्हतं.

सकाळी केस गोळा करायला हात मागं नेला तर केस हाताला लागेनात. वेनी घातलेली. पार शेवटापर्यंत, घट्ट. माझ्या रबराचा पत्ता नाय. मी डाव्या हातानं वरून खालपर्यंत वेनी चाचपली नि तशीच बसले. मंग उठून चूल पेटवली. गॅस असतो, पन त्या दिवशी मला जाळ पाहिजे व्हता.

लेकीला फोन केला. म्हनले, "तुला आनता यायचं नाय. गुडघे गेलेत माझे. तिथंच कर बाळंतपन."

लेकीनं सगळं ऐकून घेतलं. मंग म्हनली, "आये, मंग नोकरी सोडलीस कशाला?"

ते फोनवर सांगायचं नव्हतं. 'जपून राहा' म्हनले नि फोन ठेवला.

बाळ झालं. मुलगी. दोघी नीट. विहीनबाईंनी बारशाचं बोलावनं केलं, मी गेले नाय. त्यांनी परत फोन केला. "आता काय झालं? आता तर हात रिकामे झाले तुमचे. का आमच्या घराला पाय लागत नाय?" त्यांचा आवाज या वेळी बोचरा नव्हता. दुखावलेला व्हता. मी म्हनले, "चालवत नाय हो." डिंकाचे लाडू शेजारच्या पोराबरोबर पाठवून दिले.

मधी ठेक्यावरच्या बाईचा फोन आला. "मावशे, तुझी ती म्हातारी न्हेली गं. कुणी आलं न्हाई. महापालिकेनंच वाटंला लावली." मला वाटलं, आता जाईल. तिची माती झाली, सुटली. सकाळी बघते तर वेनी व्हतीच. उलट जास्त घट्ट, कपाळ ओढल्यासारखी.

तरास नव्हता, हे खरं. थोरली मावशी म्हनली व्हती तसंच. फकस्त घरात कधी मी एकली नसायचे. पाठ भिंतीला लावून बसलं तरी पाठीमागं कोनीतरी बसलंय असं वाटायचं. खोबरेलचा वास यायचा. मी घरात खोबरेल आनत नाय, मला शेंगदान्याचं लागतं.

सव्वा महिना झाला तशी लेक आली. न सांगता. रिक्षातून उतरली, हातात बाळ, खांद्याला पिशवी, नि दारातूनच भांडायला लागली. "तुझ्या गुडघ्यांना काय झालंय ते बघायला आले. ऊठ. चाल माझ्यासमोर."

मी उंबऱ्यात आडवी उभी राह्यले. "आत येऊ नको."

"का?"

"नको म्हनते ना."

"आये, सासू म्हनायची तू हात लावू नको. आता तूच म्हनतेस. मी कुनाच्या दारात जाऊ सांग." तिच्या डोळ्यांत पानी आलं नि तिनं ते पुसलं पन नाय, हातात बाळ व्हतं.

तिनं आंग थोडं वळवलं तशी तिच्या मानेवर घामानं चिकटलेले केस दिसले, गुंतलेले. बाळंतीन बाई, कोन विंचरनार? माझ्या मनात काय आलं कुनाला ठावं, मी पाठ फिरवली नि घरात तोंड करून मोठ्यानं बोलले. "बाई, माझी लेक आलीय. हातात बाळ हाय. तुला मी घरात घेतली, मी तुला जा म्हनत नाय. पन थोडी पाठीमागं बस. पडवीत."

लेक म्हनली, "कोनाशी बोलतेस?"

मी ऐकत उभी राह्यले. आधी काय नाय. मंग मागच्या दाराची कडी, जी मी सकाळी स्वतः लावलेली, ती पडली. दार हळू उघडलं नि खाडीवरून वारा आत आला. माझ्या पाठीवर काहीतरी सुटलं. हात मागं नेला तर वेनी मोकळी झालेली, केस खांद्यावर.

लेकीनं ते बघितलं. तिच्या तोंडाचा रंग गेला. पन पोर माझी हाय. ती म्हनली, "घे आता हिला. माझे हात दुखलेत."

मी बाळ घेतलं. डाव्या हातावर डोकं, उजवा खाली. हलकं व्हतं, नि ऊन. इतक्या वरसांत ऊन आंग उचलायची सवय मोडलेली. बाळ माझ्याकडं बघत नव्हतं. मागच्या दाराकडं बघत व्हतं, निवांत.

लेक आता पंधरा दिवसांनी येते, माझे केस विंचरून देते. वेनी दुसऱ्या दिवशी सकाळी पन जशीच्या तशी असते, कोनी हात लावत नाय. मी दुसरं ताट पडवीत ठेवते. मागचं दार लावत नाय. शेजारीन म्हनते, पावसाचं पानी आत येतंय, कुत्री येतील, दार लाव की. येतंय तर येऊ दे. पुसून घेते मी.